खोड सांगून लिलाव

कळंब, १२ जानेवारी २०२५

सौ. छाया हिस,

पोपटचा आशीर्वाद. घ्यावासा वाटला तर घे.

फोन तू उचलत नाहीस आणि कमलेशच्या फोनवरून बोलायला मला कमीपणा वाटतो. भाच्याला मध्ये घालून सख्ख्या बहिणीशी बोलायचं म्हणजे काय! म्हणून पोस्टानं लिहितोय. कळंबहून खालापूर एसटी बदलून दोन तास. सहा वर्षांत आपल्या दोघांनाही ते दोन तास काढता आले नाहीत. ते असो. कामाचं बोलतो.

जमीन विकतोय. सगळीच. लांबडीचं खाचर, तळ्याकडची दोन खाचरं, वरचं नाचणीचं वरकस आणि रान. कुणी तुला सांगेल की पोपट अडचणीत आला, तर ऐकू नकोस. माझं काहीही अडलेलं नाही. गुडघे तेवढे गेले. खोपोलीच्या कारखान्यात तीस वर्षं पाळ्या केल्या आणि पाळी सुटली की शेत, त्याचा हिशेब गुडघ्यांनी आता मागितला. अक्षय आणि सून नम्रता पनवेलला. पोरगा आवणीला दोन दिवस येतो, चिखलात फोटो काढतो, परत जातो. त्याला नावं ठेवत नाही, त्याची नोकरी चांगली आहे. पण फोटोनं भात पिकत नाही.

गेल्या वर्षभरात अकरा एजंट दारात येऊन गेले. एकालाही ओटा चढू दिला नाही. कानात भाव सांगतात, जणू काही आपण चोरीचा माल काढलाय. मी ठरवलं, विकायची तर उघड्यावर, चार लोकांसमोर. देवळाच्या आंब्याचा लिलाव होतो ना दर वर्षी, तसाच. रविवार, २३ फेब्रुवारी, सकाळी दहा, देवळाचा मंडप. बोलीला बसणारा शेतकरी हवा, तसा दाखला दाखवल्याशिवाय बसायला पाट नाही. तालुक्यात असा लिलाव आजवर कुणी केला नसेल. लोक आत्तापासून बोलतायत.

आणि बोलतील का नाही? अशी जमीन आहे कुणाची? आबांना जाऊन बावीस वर्षं झाली, तरी लांबडीत अजून चिंबोरी सापडते, इतकी ती जिवंत ठेवलीय मी. रानाचं तर विचारूच नकोस. ऐन, किंजळ, हिरडा, मोह. आबा गेल्यापासून एक बुंधा तोडलेला नाही. दर डिसेंबरात सभोवार जाळपट्टा काढतो, म्हणजे गवत आधीच जाळून मोकळी पट्टी ठेवतो, त्यामुळे डोंगराला वणवा लागला तरी आपल्या हद्दीशी येऊन थांबतो. आजूबाजूचे डोंगर काळे आणि मध्ये आपलं रान हिरवं. मार्चमध्ये कळंबच्या रस्त्यावरून सुद्धा दिसतं. भेकर आहे, साळिंदर आहे, डुकरांचा कळप आहे. हे सगळं या दोन हातांनी राखलंय.

सातबाऱ्यावर आबांच्या मागं तुझं नाव माझ्याबरोबर लागलेलं आहे. तेव्हा विक्रीला तुझी संमती लागते. सोबत कागद पाठवलाय. जिथं पेन्सिलीची फुली आहे तिथं सही कर. तुझा अर्धा वाटा तुला मिळेल, त्यात पोपट कधी खोटा पडणार नाही.

त्या भाऊबीजेला जे झालं ते झालं. मी ते काढत नाही, तूही काढू नकोस.

पाव्हण्यांना नमस्कार.

पोपट


कळंब, ३ फेब्रुवारी

छाया,

पाकीट मिळालं. आत माझाच कागद. पेन्सिलीची फुली जशीच्या तशी, सही नाही, दोन ओळी नाहीत. "दादा, मर तिकडं" एवढं लिहिलं असतंस तरी मला बरं वाटलं असतं. जिजा म्हणाली, "घडी तरी नीट घातलीया बगा, चुरगाळून नाय पाठवला." तुझी वहिनी कायम तुझ्या बाजूची.

मला राग आला. अजून आहे. तरी लिहितोय, कारण लिलावाला तीन आठवडे उरलेत आणि दवंडी परत घेता येत नाही.

बघायला माणसं येऊन जातायत. कर्जतचा नवीनशेठ आला होता, तांदळाचा व्यापारी, स्वतःची शेती आहे. चप्पल बांधावर काढून खाचरात उतरला, माती हातात घेऊन वास घेतला. मला माणूस आवडला. त्याला फक्त खाचरं आणि वरकस हवंय. रानाकडं पाहिलं पण नाही. म्हणाला, "दादा, तितं माजं काय काम?"

दुसरा एक रिसॉर्टवाला. बापजाद्यांची शेती मुरबाडकडे आहे, त्यामुळे दाखला पक्का. त्याला खाचरं नकोत, रानच हवंय. मी त्याला सगळं फिरवून दाखवलं. पाणवठा, डुकरांची लोळण, साळिंदराची बिळं. गुडघे ठणकत होते, पण दाखवताना मला कसं वाटत होतं सांगू, पोरगी दाखवायला बसवल्यावर बापाला वाटतं तसं. तो खूश. त्याची कल्पना अशी: झाडांवर मचाणं, मुंबईचे पाहुणे, हातात लाल उजेड सोडणाऱ्या खोट्या बंदुका आणि झुडपात लपवलेल्या स्पीकरमधून वाघाची डरकाळी. मचाणांसाठी "फक्त" ऐंशी झाडं काढायची. म्हणाला, "काका, लोकांना शिकारीचा फील पाहिजे."

हिरू बरोबर होता. वाडीवरचा हिरू, आबांबरोबर शिकारीच्या हाक्याला जायचा तोच. आता पंचाहत्तरीचा आहे, डोळे मात्र अजून तसेच. रिसॉर्टवाला गेल्यावर त्यानं विचारलं, "पोपटदादा, सपीकर वरडला तं भेकर कुटं जाल?" मी म्हटलं, मला काय माहीत. मग म्हणाला, "छायाबाय काय म्हनते?"

मी म्हटलं, "व्हय म्हनाली."

नवीनशेठलाही तेच सांगितलं, रिसॉर्टवाल्यालाही, देवळाच्या पंचांनाही. बहिणीचा होकार आहे, सही येतेय. काय करणार होतो? चार गावांत लिलावाची दवंडी पिटली आणि घरातली बहीणच ऐकत नाही म्हणून सांगू? माझी काही अब्रू आहे या पंचक्रोशीत. आता माझा शब्द खाली पाडू नकोस. कागद परत पाठवतोय. या वेळी फुली शाईनं केलीय.

आणखी एक. लिलावाच्या आधी आबांच्या रीतीनं खोड सांगणार आहे. तुला आठवत असेल, म्हसाच्या जत्रेत बैल विकायला नेला की आबा गिऱ्हाईकानं विचारायच्या आधी स्वतःच सांगायचे, हा डाव्या अंगाला बिचकतो, हा पाण्यात उतरत नाही. बाकीचे व्यापारी हसायचे. पण आबांनी विकलेला बैल कधी दारात परत आला नाही. मीही प्रत्येक तुकड्याची खोड उघड सांगून मगच बोली घेणार. घ्यायचा त्यानं सगळं माहीत असून घ्यावा. एवढा ताठा माझ्यात आहे आणि तो मला आवडतो.

पोपट


कळंब, २५ फेब्रुवारी

छायी,

तुझी सही आली नाही. लिलाव झाला. कसा झाला ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मीच सांगतो. कमलेशला कदाचित व्हिडिओ पण आला असेल, कारण अर्धा मंडप मोबाईल वर करून उभा होता.

दीडशे माणूस तरी होतं. जिजानं मला कडक इस्त्रीचा सदरा घालायला लावला. पंचांनी नारळ पुढ्यात ठेवला, बोली तुटली की फोडायचा. मी उभा राहिलो आणि खोडी सांगायला लागलो.

लांबडीचं सांगितलं, की खालच्या कोपऱ्यात पाणी धरतं, तिथं कर्जत-तीन भात लावू नका, लोळतं. तळ्याकडच्या खाचरांचं सांगितलं, की दोन बांध दर वर्षी खेकडे पोखरतात आणि शेजाऱ्याचा पाण्याच्या पाटावरून वाद आहे, तो गोड बोलून मिटतो, रागावून नाही. वरकसाचं सांगितलं, की नाचणी चांगली येते पण डुकरं तिसरा हिस्सा खाणारच, काय वाटेल ते करा. लोक हसत होते. कुणीतरी ओरडलं, "दादा, इकायची हाय का ठेवायची हाय?" मी म्हटलं, "इकायची हाय, पन फसवायची नाय." टाळ्या पडल्या. अक्षय मागं उभा होता, त्याची छाती फुगलेली मी पाहिली. खोटं कशाला बोलू, माझीही फुगली होती.

नवीनशेठनं बोली लावली, दोघातिघांनी चढवली, शेवटी त्याच्यावरच तुटली. सगळ्या खोडी ऐकून घेऊन त्यानं घेतली. नारळ फुटला.

मग रान. पंच म्हणाले, "पोपटराव, रानाची खोड सांगा." रिसॉर्टवाला पहिल्या ओळीत बसला होता, त्याच्या मांडीवर वहीत मचाणांचं चित्र.

मी तोंड उघडलं आणि काही सुचेना. पाणी आहे, झाडं आहेत, जनावर आहे. बावीस वर्षं मी त्या रानाची एकही खोड शोधली नव्हती. लोकांना वाटलं म्हातारा भरून आला. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला. पण छायी, मला पाणी नको होतं. मला रानाची खोड माहीत होती. बावीस वर्षं माहीत होती.

आता ते लिहितो. बसून वाच.

तू अकरा वर्षांची होतीस तो हाका तुला आठवतो, हे मला माहीत आहे. शिकारबंदीचा कायदा तेव्हा आलेला होता, पण आपल्या डोंगरात कायदा पायी येतो, त्याला वेळ लागतो. आबांकडं पिकाच्या राखणीची ठासणीची बंदूक होती. त्या दिवशी पहिला बार माझा ठरला होता. सोळा वर्षांचा होतो मी, महिनाभर झोप नव्हती. तुला आबांनी खिंडीत रॉकेलचा रिकामा डबा देऊन उभं केलं होतं. जनावर तिकडं आलं की डबा बडवायचा, म्हणजे ते वळून आमच्याकडं येणार. डुकरीण आली. मागं पिल्लं होती. तू डबा बडवलाच नाहीस. बाजूला सरकून तिला वाट दिलीस.

हाकेकरी तुला खूप बोलले. मी सगळ्यात जास्त बोललो. आबा खिंडीत गेले, पिल्लांच्या पावलांच्या खुणा बघितल्या. खाली आल्यावर म्हणाले, "आता हितं हाका नाय." आठ दिवसांनी बंदूक ठाण्यात जमा करून आले. रान राखायला सुरुवात झाली ती त्या दिवसापासून. ते तुझ्यामुळं राखलं गेलं. मी लोकांना आबांचं नाव सांगतो, माझं सांगतो. तुझं कधी सांगितलं नाही, कारण माझा पहिला बार तू घालवलास हे मी पन्नाशी उलटली तरी विसरलो नव्हतो. एवढा कोत्या मनाचा मी.

आणि हे तुला माहीत नाही. आबा गेले तेव्हा तू वाटेत होतीस. खोलीत मी एकटा होतो. म्हणाले, "शेत तू कर. रान छायीला दे. तिचं हाय ते." मी हो म्हटलं. बाहेर आलो आणि कुणालाही सांगितलं नाही. जिजालासुद्धा नाही.

मग सहा वर्षांपूर्वीची भाऊबीज. साडीच्या घडीत मी हक्कसोडीचा कागद घालून आणला होता. सगळेच भाऊ आणतात, बहिणी सही करतात, आपल्याकडं त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तू ओवाळलंस, कागद वाचलास, आणि म्हणालीस, "दादा, शेतावर सही करते, मला काय नको. फक्त रान दे." छायी, तू बरोब्बर तेच मागितलंस जे मी लपवून ठेवलं होतं. मला वाटलं, हिला कळलं. आबांनी हिच्या कानावर कधीतरी घातलं असणार. मी घाबरलो. घाबरलेला माणूस आवाज चढवतो. "रान बाईच्या नावावर कुटं असतं?" असं म्हणून पाटावरून अर्ध्यात उठलो. निरांजन तसंच तेवत होतं. तुझा चेहरा मी बघितला नाही, सरळ एसटी स्टँडवर गेलो. तुला काहीच माहीत नव्हतं, हे मला आता कळतंय. तुला फक्त रान हवं होतं.

तर मंडपात पंच थांबले होते. दीडशे माणूस थांबलं होतं. मी म्हटलं, "या रानाला एकच खोड हाय. हे माजं नाय. माज्या बापानं माज्या बहिनीला दिलेलं हाय. मी ते बावीस वर्सं दाबून ठेवलं. तिचा होकार हाय म्हून तुमाला सांगितलं, ते बी खोटं. तिला मी इचारलंच नाय, निसता सहीचा कागद धाडला."

रिसॉर्टवाल्यानं विचारलं, "काका, मग बोली?" मी म्हटलं, "बोली नाय. पाट उचला." तो उठून गेला, वहीसकट. पंच माझ्यावर चिडले, देवळात बसून खोटं बोललास म्हणाले. बरोबर आहे त्यांचं. पुढच्या आंब्याच्या लिलावाला मला बोलवायचं नाही असं ठरलंय. चालेल. नवीनशेठ जवळ आला. त्याचाही सौदा आता तुझ्या सहीवर लटकलाय, चिडायचा त्यालाच हक्क होता. म्हणाला, "दादा, मी थांबतो. तुमच्या ताईंना घाई करू नका."

घरी येईपर्यंत मला वाटत होतं की आपली मान आता खाली जाणार. रस्त्यावर हिरू भेटला. नुसता हसला, तोंडात दोन दात. आणि काय सांगू, माझी मान खाली गेलीच नाही. त्रेसष्ट वर्षांत एवढा ताठ मी कधी चाललो नव्हतो, त्या मोडक्या गुडघ्यांवरसुद्धा.

जिजानं मात्र दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलंय. ते रास्त आहे. तू माफ करावंस असं मी म्हणत नाही. चुकलं माझं, एवढं म्हणतो. आजवर कुणाला म्हटलं नव्हतं, म्हणून अक्षर जरा वाकडं आलंय.

तुझा दादा


कर्जत, २० मार्च

छायी,

निबंधक कचेरीच्या बाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. हातात वेळ आहे, आतला प्रिंटर बिघडलाय. खाचरांच्या सहीचं विचारायला हे पत्र नाही. ती सही तुझ्या मनानं कर किंवा करू नकोस, नवीनशेठ थांबलाय. रानाचं काम मी त्यासाठी अडवून ठेवणार नव्हतो. हे आधी झालं पाहिजे होतं.

मसुदा करणारा एक तरुण आहे, हुशार आहे, बोटं भराभर चालतात. त्याला म्हटलं, हक्कसोडपत्र करायचंय. त्यानं न विचारताच नावं भरली. सोडणार छाया, घेणार पोपट. मी म्हटलं, उलटं कर.

"काका, उलटं नसतं. बहीण सोडते, भाऊ घेतो."

"अरं, मी भाऊच हाय. मीच सोडतोय. लिही."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग शेजारच्या टेबलावरच्याला हाक मारली. दोघांनी मिळून वाचलं. चार वर्षांत असा कागद केला नाही म्हणाले. मी म्हटलं, मग आज कर, तुझ्या हाताला चांगलं वळण लागेल. बाकावर बसलेल्या दोन बायका ऐकत होत्या. दोघी सही करायला आल्या होत्या, दोघींचे भाऊ बाहेर चहा पीत होते. त्यातली एक मला म्हणाली, "तुमची बहीन कुटली वो?" मी सांगितलं, "खालापूरची. छाया." तुझं नाव मी एवढ्या मोठ्यानं बऱ्याच वर्षांत घेतलं नव्हतं.

साक्षीदार म्हणून हिरू आलाय आणि अक्षयनं रजा काढलीय. हिरू आयुष्यात पहिल्यांदा कचेरीत आला. अंगठा उठवायच्या आधी त्यानं तो धोतराला तीनदा पुसला.

शेवटी मसुदा वाचून दाखवताना तो मुलगा एका ओळीवर आला. सगळ्या कागदांत तीच असते म्हणे, आधीच छापलेली. "सदर हक्क बंधुभगिनींच्या नैसर्गिक प्रेमापोटी विनामोबदला सोडून देत आहे."

मी म्हटलं, ती ओळ काढ.

तो म्हणाला, "काका, कारण लिहावंच लागतं. प्रेम नाही का लिहायचं?"

मी म्हटलं, "प्रेम लिवलंस तर मी तिला काय दिल्यासारखं व्हईल. लिही, तिचंच होतं म्हून."

त्यानं ते तसंच लिहिलं.

दादा